न लावलेले कंद



कंद म्हणजे काय, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. कांदा आपण रोज चिरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की वाफ्यात आपण न लावलेला कोंब दिसला, तर त्याला एक वर्ष द्या. खुरपं लगेच हातात घेऊ नका.

सध्या वैशाख चालू आहे. वळवाची एखादी सर पडते आणि उघड्या मातीतून एक जाड दांडा वर येतो. बुडाशी तांबूस ठिपके, शेंड्याला घट्ट मिटलेली कळी. थोड्याच दिवसांत त्याचा लालभडक गोळा होतो. हा मे फ्लॉवर, मूळचा आफ्रिकेचा. पावसाळाभर पानं मिरवतो आणि हिवाळ्यात जमिनीवर त्याची खूणही उरत नाही. मग डिसेंबरात आपण ‘रिकामा’ वाफा खणतो आणि कंदाचे दोन तुकडे करतो! नर्सरीची माती, शेणखत, पाडलेल्या बंगल्याच्या अंगणातली माती, यांतूनही कंद येतात. शिवाय काही कंदांची मुळं आकसतात आणि कंदाला वर्षागणिक खाली ओढतात. वरवर खुरपून तो पुरा हाती लागत नाही.

ओळख पानावरून सुरू करा. रुंद, जाड, पट्ट्यासारखी पानं समोरासमोर फुटत असतील तर बहुधा अमरिलिस. कांद्याच्या पातीहून बारीक झुबका असेल तर पावसाळी लिली. पानाचं टोकच वळून आधार धरत असेल तर कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, जीव घेणारं. लहान मुलं असलेल्या घरी ती ठेवू नका आणि काढताना हातमोजे घाला. कांद्यासारखा दिसतो म्हणून कुठलाही अनोळखी कंद चाखू नका. रानकांदाही विषारी आहे.

एका वर्षाची सवलत फक्त एकाला नाही. तो म्हणजे लव्हाळा. (हशा) तुकोबांनी त्याला मोठेपणा दिला, तो पुरात तगून राहण्याबद्दल. वाफ्यातही तो तसाच तगतो. लिलीचं पान समजून लोक त्याला पाणी घालतात, म्हणून परीक्षा सांगतो. फुलाचा देठ चिमटीत धरून फिरवा, तीन कडा बोटाला लागतात. खाली काळसर गाठी दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. उपटलंत तर दोरा तुटतो, गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. माती ओली असताना खोल खणून गाठींसकट काढा, आणि त्या कंपोस्टात टाकू नका. मागून कुणीतरी तणनाशक म्हणालं. शेजारी कंद झोपलेला असताना मी ते वापरणार नाही.

लव्हाळ्यात बराच वेळ गेला, पण एका सोसायटीची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे अमरिलिसची रांग होती. फुलं संपली की कमिटीच्या सांगण्यावरून माळी पानं जमिनीलगत कापायचा, वाफा नीटनेटका दिसावा म्हणून. पुढे फुलं येईनात. कंद खराब झाले असं ठरलं आणि सगळे फेकले गेले. कंद खराब नव्हते, उपाशी होते. अमरिलिसमध्ये साधारण दर चार पानांमागे एक फुलाचा दांडा कंदाच्या आत तयार होतो, तोही फुलण्याच्या कितीतरी महिने आधी. हिरवं पान कापलं की पुढच्या वर्षीचं फूल कापलं. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

कुणी म्हणेल, आमचा वाफा भाजीचा, तिथे फुलांचे लाड कसले? वांग्याचं रोप हातभर सरकवता येतं. कोंब सरकवता येत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेलं भरभर सांगतो. कंद हलवायचाच असेल तर पानं आपणहून पिवळी पडून वाळल्यावर हलवा. फावडं हातभर लांबून घाला. सावलीत सुकवा. अमरिलिस लावताना मान मातीच्या वर ठेवा. सुप्तावस्थेत पाणी तोडा, नाहीतर कंद कुजतो.

प्रश्नांना वेळ उरलेला नाही, म्हणून जाताना एकच मागणं. तुमच्या वाफ्यात, सोसायटीच्या बागेत अनोळखी कोंब दिसला की त्याच्याशेजारी बांबूची काडी रोवा, वहीत तारीख लिहा आणि माळीदादांना सांगून ठेवा की या काडीभोवती पुढच्या वैशाखापर्यंत खणायचं नाही.