आमच्या पत्रावळी नाल्यात कशा गेल्या?

(मलकपेठ येथील सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच बाहेर चहा घेताना एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "कचरा हा काय राजकारणाचा विषय आहे?" मी म्हटले, काका, नगरसेवक निवडून देतो तो कशासाठी? पाणी, दिवे, रस्ते आणि कचरा यांसाठीच ना? डिसेंबर 2020 मध्ये आपल्या महानगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हा निम्म्या मतदारांनीही मतदान केले नाही. त्या न गेलेल्यांत आपली मराठी मंडळी किती होती, हे ज्याचे त्याने मनात मोजावे.

आधी आपल्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात महाप्रसाद झाला. जेवणारे दोनशेच्या वर. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, उरलेला भात, सगळे एकाच गोणीत भरले आणि एका टेम्पोवाल्याला शंभर रुपये देऊन "नेऊन टाक बाबा" म्हटले. कुठे टाकणार, हे कोणी विचारले नाही. मीही नाही, आणि मी तेव्हा कार्यकारिणीत होतो. चार दिवसांनी पाऊस झाला आणि त्याच ताटल्या नाल्याच्या जाळीला अडकलेल्या दिसल्या. आमच्या मंडळाच्या नावाची निमंत्रणपत्रिकाही त्यात होती!

घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतच हे लिहिले होते : परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक लोकांचा कार्यक्रम करायचा, तर महानगरपालिकेला कामाचे तीन दिवस आधी कळवायचे आणि कचरा जागीच वेगळा करून सोपवायचा. रस्त्यावर, गटारात, पाण्यात कचरा टाकणे किंवा जाळणे याला तर मनाईच होती. आम्ही नियम वाचला नव्हता, एवढेच.

आता घरच्या डब्याकडे येऊ. 2015 साली आपल्याला घरटी दोन डबे मिळाले, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. माझ्या ओळखीच्या एका घरी हिरव्या डब्यात ज्वारी आहे आणि निळ्यात पाणी भरून ठेवतात. हसू नका, त्यांचेही चुकत नाही. त्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी वेगळे करून देते आणि ऑटोवाला माझ्या डोळ्यांदेखत एकत्र ओततो. मग कशाला हात घाण करू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वेगळे करणे हे आपले काम, पण ते वेगळे ठेवून वेगळे नेणे हे महानगरपालिकेचे काम. दुसरा भाग होत नसेल तर विचारायचे कोणी? आपणच. मात्र ऑटोवाल्याशी भांडू नका. त्याच्या गाडीला मधली फळी आहे की नाही, हे त्याच्या हातात नसते.

2026 च्या नव्या नियमांत तर दोनाचे चार झाले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सॅनिटरी म्हणजे डायपर, पॅड वगैरे. विशेष काळजीचा म्हणजे जुनी औषधे, बल्ब, रंगाचे डबे. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा आणि विशेष काळजीचा वेगळा द्यायचा, कारण पुढे ते कोणीतरी हाताने निवडतो.

एकत्र झालेला कचरा जातो कुठे? जवाहरनगरला. तिथे एक कोटी टनांहून जास्त जुना कचरा साचला होता, अलीकडच्या वर्षांत तो मातीने झाकला. पण त्यातून पाझरलेल्या काळ्या पाण्याने आसपासचे तलाव आणि विहिरी बिघडल्या. तिथेही माणसेच राहतात. आपल्या मलकपेठच्या गंजात महाराष्ट्रातून कांदा येतो. त्यातला सडका माल आणि पाला सुका कचरा न मिसळता ठेवला तर त्याचे खत होते, मिसळला तर तोच जवाहरनगरचा डोंगर.

आणि मूसी! घर दुरुस्त केले की राडारोडा रात्री नदीकाठी नेऊन ओततात. फतुल्लागुड्याला असा मलबा घेऊन त्यापासून वाळू-खडी करणारा कारखाना आहे, आपल्यापासून फार लांबही नाही. ऑक्टोबर 2020 आणि सप्टेंबर 2025 मध्ये मूसीचे पाणी कुठवर आले होते, हे मूसारामबागेकडच्या मंडळींना मी सांगायला नको. पूर पावसानेच येतो हे खरे, पण बुजलेल्या पात्रात आणि तुंबलेल्या नाल्यात तो लवकर वर चढतो. गवंड्याला पैसे देताना मलबा कुठे नेला, हे विचारा आणि त्याची पावती मागा.

महानगरपालिकेच्या मंडल कार्यालयाला द्यायचे पत्र त्या टेबलावर ठेवले आहे. मागण्या दोनच : ऑटोत ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे हवेत, आणि कोपऱ्यावरची कुंडी हलवल्यावरही जिथे ढीग पडतात, तिथे ऑटोची वेळ ठरवून फलकावर लिहावी. तेलुगू आणि उर्दू प्रतीही केल्या आहेत. शेजारच्या रेड्डींची आणि समोरच्या खानसाहेबांची सही आणल्याशिवाय पत्र परत करू नका. आणि यंदाच्या महाप्रसादाला स्टीलची ताटे आहेत. ती घासायला माझे नाव पहिले लिहा.