एका छायाचित्राचे तीन दर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पिंपळनेर येथे केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे आणि विमा कंपनीचे प्रतिनिधीही नव्हे. आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविले, एवढीच आमची विद्या. परंतु आमच्या पाहण्यात जी घरे कर्जात उतरली, त्यांतील कित्येकांचे कारण लग्नकार्य नसून दुखणे होते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

१८९५ साली रोंटजेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला. त्याने काढलेल्या आरंभीच्या छायाचित्रांत त्याच्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या कंबरेचे छायाचित्र मात्र आम्हांस बरेच महाग पडले. (ते एमआरआय होते. ते क्ष-किरणांनी नव्हे, तर चुंबकाच्या साहाय्याने काढतात.)

साक्रीमार्गे एस. टी. ने आम्ही शहरी गेलो. तपासणी केंद्रातील कारकुनाचा पहिला प्रश्न, "काका, मेडिक्लेम आहे का?" चिरंजीवांच्या नोकरीमुळे विमा होता. आम्ही अभिमानाने होकार दिला. शेजारी बसलेल्या एका शेतकरी बंधूंनी त्याच तपासणीचे रोख पैसे भरले. त्यांच्या पावतीपेक्षा आमची पावती अडीच हजारांनी अधिक निघाली! पुढे विमा कंपनीने आमची मागणी फेटाळली, कारण रुग्ण इस्पितळात दाखलच झाला नव्हता. म्हणजे दर विमेदाराचा आणि पैसे आमच्या खिशातले.

असे का व्हावे? विमा कंपनी काही इस्पितळांशी आधी दर ठरवून करार करते. पुष्कळ रुग्ण मिळतील या आशेने इस्पितळ दर उतरविते. घाऊक कांदा उचलणाऱ्यास वेगळा भाव मिळतो, तसेच हे. पण हा भाव करारातील इस्पितळात, कंपनीच्या संमतीने उपचार घेतल्यासच लागू होतो. कराराबाहेर "विमा आहे" हे शब्द उलट भाव चढविणारे ठरू शकतात, आणि रोख देणाऱ्यास कधी सूटही मिळते. कारण रोखीचा पैसा तत्काळ हाती पडतो, कंपनीचा कागदपत्रांनंतर.

या गोष्टीचा पुरावा खुद्द सरकारी आदेशात सापडतो. करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने छातीच्या एचआरसीटी तपासणीचे कमाल दर बांधून दिले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ पर्यंत २,५०० आणि त्याहून अधिक क्षमतेच्या यंत्रावर ३,००० रुपये. स्लाइस म्हणजे यंत्र एका फेऱ्यात शरीराचे जितके काप टिपते ती संख्या. फिल्म, अहवाल आणि निर्जंतुकीकरण हे सर्व त्या दरातच धरलेले होते. मात्र ज्यांचा आरोग्य विमा आहे, अथवा ज्यांच्या आस्थापनेचा केंद्राशी करार आहे, त्यांना हे दर लागू नव्हते. त्यांचा दर त्यांच्या करारावर सोडला होता. ज्याने हप्ते भरले त्यालाच सरकारी मर्यादेचे छत्र नाही, हे वाचून आम्ही चकित झालो. विमेदाराने आपला करार वाचलेला असतो, असे शासनाने गृहीत धरले असावे. आम्ही तर आमचा कधी उघडलाही नव्हता!

तिसरा दर शासकीय योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यांत आपला धुळे जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. मूळची दीड लाखाची वार्षिक कौटुंबिक मर्यादा आता पाच लाखांची झाली आहे. तीत प्रत्येक उपचाराचा एकत्रित दर ठरलेला असतो. खाट, औषधे, भोजन आणि तपासण्या त्यातच येतात. तेव्हा या योजनेखाली दाखल रुग्णाकडून स्कॅनचे पैसे निराळे मागितल्यास तेथील आरोग्यमित्राकडे जावे, लाजू नये.

आता विमेदारांसाठी. केवळ तपासणीसाठीचा खर्च विमा सहसा देत नाही. परंतु त्याच आजारासाठी पुढे दाखल व्हावे लागल्यास आधीच्या काही दिवसांचा खर्च मिळतो. २०२० साली आलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत ही मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ पावती आणि अहवाल जपावेत. हे तीन कागद आम्ही आता गहूच्या कोठीवरील पत्र्याच्या पेटीत ठेवतो. सौभाग्यवती हसतात, हसोत.

यंत्रावर निजण्यापूर्वी विचारावे: रोखीचा दर किती, कराराचा किती? फिल्म व अहवाल त्यात आहेत काय? शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध द्यावयाचे असल्यास त्याचे निराळे किती? रात्रीचा आकार आहे काय? २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्यातील खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागी लावावयाचे आहे; ते दिसले नाही तर मागावे. तातडीचा रुग्ण असेल तर मात्र दर विचारण्यात वेळ दवडू नये. पावतीचा तपशील नंतरही मागता येतो.

मंडळाच्या कार्यालयात आम्ही एक वही ठेविली आहे. रुग्णाचे नाव खोडून, आपापल्या तपासणीच्या पावतीची नक्कल प्रत्येक घराने तीत लावावी. म्हणजे पुढे जाणाऱ्यास दर आधीच कळेल. पहिल्या पानावर आमचीच ती पावती चिकटविलेली आहे.