वाटीत उरलेला बोल्ट

माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, हे बरकतपुऱ्यात बहुतेकांना ठाऊक आहे. सौंनीच सांगून ठेवलंय. त्यामुळे फजितीही जाहीरच होते. स्प्लेंडरचं ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट इतका आवळला, की इंजिनाच्या ॲल्युमिनियममधले आटेच गेले. त्यावर सगळे हसले, संपलं.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पंक्चर घरीच काढून मागचं चाक बसवलं, तर वाटीत एक बोल्ट उरला. 'जुना असेल कुठलातरी' म्हणून वाटी खिडकीत ठेवली. संध्याकाळी लेकीला मागे बसवून निघालो. काचिगुडा चौरस्त्यावर ब्रेक दाबला आणि चाक जागीच जाम! तो बोल्ट मागच्या ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा होता. पट्टी सुटली, प्लेट चाकाबरोबर फिरली आणि ब्रेकचा रॉड आणखीच ओढला गेला. वेग कमी होता म्हणून पडलो नाही. पण माझ्या शर्टावरची लेकीची मूठ कितीतरी वेळ सुटेना.

मेकॅनिकला मी आधी डिप्लोमाच सांगितला. तो वाकून बघत म्हणाला, "क्या जी साब, डिप्लोमा में ये बोल्ट नहीं पढाए क्या?"

आता लेक गाडीवर बसण्याआधी खिडकीतली वाटी बघून येते.