मॅकबेथचं भय कुठे गेलं?



अध्यक्षाने नाट्यव्यवहाराचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा इथल्या परिसंवादांत माझ्याहून जाणत्या मंडळींनी घेतला आहे. म्हणून मला मिळालेला वेळ मी एकाच नाटकाला देणार आहे: शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ला. शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मानाजीराव’ या नावाने ते मराठीत आणलं. पुढे १९५४ साली शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ रंगमंचावर आलं, नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे यांनी त्यात कामं केली. तेव्हा हे नाटक आपल्याला परकं नाही.

मात्र ओळखीच्या नाटकाचा अर्थही ठरून जातो. सत्तेच्या हावेपायी खून केला, मग मन खाऊ लागलं, शेवटी नाश झाला, असं आपण वर्गात शिकवतो आणि तालमीतही तेच धरून चालतो. मला हे मांडणं अपुरं वाटतं, कारण मॅकबेथचा अपराधभाव खुनाच्या आधीच जागा झालेला आहे. पहिल्या अंकाच्या अखेरीस आत पाहुण्या राजाची मेजवानी चालू असताना हा यजमान पंगतीतून उठून एकटा बाहेर येतो. डंकन आपला आप्त आहे, आपला राजा आहे, आज आपल्या घरी पाहुणा आहे, शिवाय माणूस सज्जन आहे, हे सगळं तो स्वतःशी बोलतो. आपल्या महत्त्वाकांक्षेखेरीज दुसरं कारणच नाही, अशीही कबुली देतो. इतकं स्वच्छ कळूनही तो डंकनचा खून करतो, आणि माझ्या लेखी या नाटकाची सगळी भीषणता त्या कळण्यात आहे.

शेक्सपिअरने हे जाणून रचलं आहे. कथा त्याने घेतली राफेल हॉलिनशेडच्या बखरीतून. त्या बखरीतल्या मॅकबेथला खरीखुरी तक्रार आहे, कारण डंकनने मुलाला वारस नेमल्याने गादीवरचा त्याचा हक्क डावलला गेला आहे. कटात त्याचा सोबती सरदार बँकोही सामील आहे. राजा झाल्यावर हा मॅकबेथ दहा वर्षं न्यायाने राज्य करतो. शेक्सपिअरने तक्रारीचा जोर काढून घेतला, बँकोला कटाबाहेर ठेवलं आणि ती दहा वर्षं पुसून टाकली. बँको हा तेव्हाच्या जेम्स राजाचा पूर्वज मानला जाई, त्यामुळे तो बदल राजाच्या मर्जीसाठीही असेल. परिणाम मात्र एकच झाला. मॅकबेथला लपायला एकही सबब उरली नाही. उलट, त्याच बखरीतल्या केनेथ नावाच्या दुसऱ्या राजाला खुनानंतर रात्री एक आवाज ऐकू येतो आणि त्याची झोप उडते. तो आवाज शेक्सपिअरने मॅकबेथच्या कानात घातलेला दिसतो.

पुढे काय घडतं? रक्त थोड्याशा पाण्याने जाईल, असं मॅकबेथची बायको त्याला बजावते. तो हादरलेला असतो, प्रार्थनेचा शेवटचा शब्दसुद्धा त्याच्या घशातून फुटत नाही. पण बँकोचा खून तो तिला न सांगता ठरवतो. विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल तर कोणत्याही सिंहासनासाठी नाही. मॅकडफ हाती लागला नाही, म्हणून. आता महत्त्वाकांक्षेला मागायला काही उरलेलं नाही, आणि तरी हत्या थांबत नाहीत. बँकोचं भूत दिसून गेल्यावर तो बायकोला जे म्हणतो ते फार महत्त्वाचं आहे: आपण या कामात अजून नवखे आहोत म्हणून हे भय वाटतं, सराव झाला की जाईल. म्हणजे टोचणी बंद करायला आणखी खून, असा त्याचा उपाय आहे.

आणि तो उपाय लागू पडतो, हे मला या शोकांतिकेतलं सर्वांत भयंकर वाटतं. पाचव्या अंकात आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो, तेव्हा भयाची चवच आपण विसरलो, असं तो सांगतो. राणी गेल्याची बातमी येते आणि त्याला रडू फुटत नाही. त्याने टाकून दिलेलं सगळं त्या बाईकडे गेलेलं असतं. ती झोपेत चालते, हात चोळत राहते, रात्रंदिवस जवळ दिवा ठेवायला लावते. भूत दिसलेल्या मेजवानीनंतर शेक्सपिअर तिला थेट या प्रवेशात आणतो. मधली तिची पडझड दाखवत नाही. ती नवऱ्यापासून किती दूर गेली, हे त्या रिकाम्या जागेतून कळतं.

म्हणून माझी नटांना आणि दिग्दर्शकांना विनंती आहे. शेवटच्या अंकातला मॅकबेथ हमखास वेडापिसा, किंचाळणारा असा उभा केला जातो, टाळ्याही पडतात. पण संहितेतला माणूस त्या वेळी आतून विझत आलेला आहे. ज्याला एकेकाळी आपण काय करतोय हे इतरांहून जास्त कळत होतं, त्याने ते कळणं स्वतःच्या हाताने मारलं आहे. शेवटच्या अंकाची तालीम कराल तेव्हा आवाज चढवण्याआधी पहिल्या अंकातलं ते पंगतीबाहेरचं स्वगत पुन्हा वाचा, आणि त्या माणसातलं आता काय काय उरलेलं नाही, ते आधी शोधा.