खेड्यातला छापखाना
(शेंदूरजनाघाट येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



आपले गाव कलमांचे गाव. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधावा, हे येथे शाळेतल्या पोरासही शिकवावे लागत नाही. लिहिण्याच्या साधनासही आपण कलमच म्हणतो. ही दुसरी कलम कष्टकऱ्यांच्या घरी रुजावी म्हणून ज्यांनी पदरमोड केली, अशा एका बापलेकांची हकीगत आज सांगावयाची आहे.

निमित्त असे झाले. वाचनालयाची वर्गणी मागण्यास आम्ही एका बागाईतदाराकडे गेलो होतो. ते म्हणाले, "गुरुजी, देवळाले देल्लं त नाव राह्यते. पेपराले देऊन काय भेटते?" प्रश्न खोटा नव्हे. त्याचे उत्तर आम्हास त्या दिवशी देता आले नाही, ते आज देतो.

पुण्यालगत भांबुर्डे म्हणून गाव होते. त्यासच आज शिवाजीनगर म्हणतात. तेथे १८५० साली कृष्णराव भालेकर यांचा जन्म झाला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, त्यात भालेकर पहिल्यापासून होते. त्या काळी पत्रे निघत, परंतु कुणब्याचे, माळ्याचे, तेल्याचे गाऱ्हाणे त्यांत क्वचितच येई. म्हणून भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढले. वर्ष कोणते ते पाहा. दख्खनेत दुष्काळाने माणसे मरत होती. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे त्यांस अक्षरओळख नाही, आणि ज्यास आहे त्याच्या गाठी दमडी नाही. मग पत्राचा खर्च कोणी सोसावा? भालेकरांनी आपल्या खिशातून सोसला. पण एकट्याची मोट किती दिवस चालणार? पुण्यात पत्र तगले नाही.

तगले नाही, पण मेलेही नाही. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले व तेथून चालविले. लोखंडे यांनीच १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गरिबांचे गाऱ्हाणे छापून लोकांपुढे येऊ लागले म्हणजे ते दडपणे कठीण होते. शाळेत आमची मुले रविवारची वाट पाहतात, पण तो रविवार मागावा लागला होता हे त्यांस ठाऊक नसते.

भालेकरही स्वस्थ बसले नाहीत. 'दीनमित्र' नावाच्या मासिकात १८८८ साली त्यांची 'बळीबा पाटील' ही कादंबरी क्रमशः आली. त्यात दुष्काळातला शेतकरी आहे. पुढे ते मासिकही बंद पडले, आणि १९१० साली भालेकर वारले.

आता मुलाची गोष्ट ऐका. मुकुंदराव हे भालेकरांचे चिरंजीव, जन्म १८८५ सालचा. नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात तरवडी गाव आहे. तेथील पाटील घराण्यात ते दत्तक गेले, म्हणून भालेकरांचे पाटील झाले. वडील गेले त्याच वर्षी, १९१० च्या नोव्हेंबरात, त्यांनी 'दीनमित्र' हे नाव पुन्हा उचलले व साप्ताहिक सुरू केले. आरंभी सोमठाण्याहून, मग तरवडीहून.

येथे थोडे थांबा. पत्र म्हटले की पुणे, मुंबई! खेड्यात छापखाना म्हणजे काय, याचा विचार करा. शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवावयाची. पान छापून झाले की तेच खिळे मोडून पुन्हा खणात घालावयाचे. कागद नि शाई शहरातून आणावयाची. अंक घड्या घालून टपालात टाकावयाचे. हे दर आठवड्यास, पेरणी असो की सुगी. असे सत्तावन्न वर्षे चालले. १९६७ साली मुकुंदराव वारले, तोवर पत्र चालू होते.

बापाचे पत्र बुडाले आणि लेकाचे तगले, याचे कारण आम्हास असे दिसते की मुकुंदरावांनी पत्र वाचकाच्या दारात नेऊन बसविले. लिहिणारा नि वाचणारा एकाच पावसाची वाट पाहत. भाषा शेतकऱ्याची, विषयही त्याचेच: सावकारी, दारू, लग्नातला उधळा खर्च, आणि कुलकर्ण्याची लेखणी. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर राखणारा; आपल्याकडे पटवारी तसा. त्या लेखणीवर त्यांनी 'कुलकर्णीलीलामृत' हे काव्यही रचले. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यात कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले, त्यामागे अशा लिखाणाने तापविलेली हवा होती. मुकुंदरावांची लेखणी पुष्कळदा फार तिखट होई. ती सर्वांस रुचलीच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुक्याला वाचा फुटते तेव्हा पहिला शब्द गोड कोठून येणार?

घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांनी एका कागदावर अंगठा दिला. वाचून दाखविले ते गहाणखत, निघाले खरेदीखत. ओढ्याकाठचे वावर गेले. आजोबा मरेपर्यंत त्या वाटेने गेले नाहीत. त्या दिवशी घरात वाचणारे एक माणूस असते तर?

तेव्हा त्या बागाईतदारांस आमचे उत्तर हे. अन्नदानाने एका दिवसाची भूक भागते, आणि ते पुण्यच आहे. पण छापलेले वाचता आले, खरेखोटे ताडता आले, तर वावर वाचते, आणि वावराने पिढ्या जेवतात. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे नि बातमी फुकट येते. परंतु फुकट वाढणारा कोणाच्या घरचे वाढतो, हे कोण विचारतो? जे पत्र आपले गाऱ्हाणे छापते ते आपल्याच वर्गणीवर जगले पाहिजे. नाही तर त्यास भालेकरांच्या 'दीनबंधु'सारखे पुण्यातून उठावे लागेल, आणि दर वेळी लोखंडे भेटतीलच असे नाही.

देवळाला द्या, आम्ही आडवे येत नाही. मात्र वाचनालयाचीही पावती फाडा, आणि रविवारी जेवणानंतर घरातल्या लेकीसुनेकडून एक पान मोठ्याने वाचवून घ्या. खुंट आपला आहे, डोळा बांधून ठेवला आहे. आता त्यास पाणी घालणे तुमच्या हाती.