मातेच्या दृष्टीनें नाताळ



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हां मातांपैकीं एकीनें दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. ती आम्हांस शिरसावंद्य आहे.

नाताळ म्हटला कीं मुलांस नवीं वस्त्रें, करंज्या व कागदी तारे आठवतात. मातेस मात्र प्रथम आठवते ती गव्हाणी. असिसीच्या संत फ्रान्सिसनें सन १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो गांवीं गवत, बैल व गाढव आणून बेथलेहेमचा देखावा उभा केला. आमच्या घरीं गव्हाणीसाठीं पेंढा आणण्याचें काम थोरल्या मुलाचें. गेल्या नाताळांत तो पोटापाण्यासाठीं परदेशीं होता. पेंढा धाकटीनें आणला. परंतु मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर सवयीनें आमच्या हातून त्याचेंही पान मांडलें गेलें. तें उचलवेना. इतक्यांत शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी नाताळच्या शुभेच्छा देण्यास आल्या. त्यांस आम्हीं त्याच पानावर बसविलें. बेथलेहेमच्या उतारशाळेंत ज्यांस जागा मिळाली नाहीं, त्यांची आठवण तेव्हां झाली.

नाताळनंतर अवघ्या तीन दिवसांनीं, २८ डिसेंबरला, हेरोदानें मारविलेल्या निष्पाप बालकांचा सण येतो. मातांचे अश्रु या आनंदाबाहेर नाहींत, हेंच त्यावरून आम्हांस उमगतें.

तरी भगिनींनो, येत्या नाताळांत ज्या घरीं कोणाची जागा रिकामी असेल, तेथें ती रिकामीच राहूं देऊं नये. बाळ येशू आपल्या धर्मग्रामावर अखंड कृपा करो.