निवडणुकींतले यंत्राचे बहुरूपी

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत गांवच्या चावडीपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आम्ही शाळामास्तर. निवडणूक आली कीं सरकार आम्हांला मतदानकेंद्रावर बसवितें. म्हणून मत कोणाला द्यावें हें सांगण्याचा आम्हांला अधिकार नाहीं, आणि तें सांगण्यासाठीं आम्ही येथें उभे राहिलोंही नाहीं. आज बोलावयाचें आहे तें तुमच्या हातांतल्या मोबाईलविषयीं.

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. सातवींतल्या एका मुलानें आमचा एक फोटो व थोडासा आवाज मोबाईलमध्यें घेतला, आणि मधली सुट्टी संपायच्या आंत त्यानें एक व्हिडिओ तयार केला. त्यांत आम्हीच उभे राहून सांगत होतों, "उद्यां शाळेस सुट्टी आहे." दुसऱ्या दिवशीं अकरा मुलें आलींच नाहींत. चौकशीला एका सुताराच्या घरीं गेलों, तर म्हातारी आमच्यावरच रागावली : "गुर्जी, तुमीच तर सांगितलंत की!" मान हलविण्याची लकब आमची नव्हती, पण तें कोण पाहतो? तोंड आमचें, आवाज आमचा, अंगांतला सदरा आमचा. मुलाला आम्हीं मारलें नाहीं. खरें सांगतों, आम्हांलाच भीति वाटली. सातवींतलें पोर मधल्या सुट्टींत जें करतें, तें पैसेवाला पक्ष निवडणुकींत करणार नाहीं काय?

तो करूं लागलाही आहे. ८ फेब्रुवारी २०२० रोजीं दिल्ली विधानसभेचें मतदान होतें. त्याच्या आदल्या दिवशीं भारतीय जनता पक्षाचे मनोज तिवारी यांचे दोन व्हिडिओ लोकांच्या मोबाईलवर आले. एकांत ते इंग्रजी बोलत होते, दुसऱ्यांत हरियाणवी. त्यांनीं मूळ भाषण केलें होतें हिंदींत. हरियाणवी बोल एका नकलाकाराचे होते, आणि त्या बोलांबरहुकूम ओंठ हालविले यंत्रानें. पक्षाच्याच माणसांनीं पुढें सांगितलें कीं, हे व्हिडिओ सुमारें ५,८०० व्हॉट्सॲप गटांत गेले. पाहणाऱ्याला वाटलें, हा आपल्या बोलींत बोलतो, हा आपला माणूस.

यावर कोणी म्हणेल, दुभाष्या ठेवण्यांत पाप तें काय? कांहीं नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें काशी येथें पंतप्रधान मोदी यांचें हिंदी भाषण यंत्रानें तेथल्या तेथें तमिळ करून ऐकविलें. पण हें यंत्र बोलत आहे, असें ऐकणाऱ्यांना अगोदर सांगितलेलें होतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुभाष्यानें दुभाष्या म्हणून समोर यावें. उद्यां कोणी पुढारी आमच्या खानदेशांत अहिराणींत गोड गोड बोलूं लागला, आणि त्याला 'बाजरी' हा शब्दही ठाऊक नसला, तर ती सलगी कसली?

आपल्याकडे बहुरूपी येतो. हवालदाराचा वेष, हातांत वॉरंटाचा कागद. पोरें घरांत पळतात, म्हातारी हात जोडते. पण घटकाभरानें तोच हंसतो, पायलीभर ज्वारी मागतो आणि पुढच्या दाराला जातो. त्याला नांव पुसतां येतें, गांव पुसतां येतें. मोबाईलमधला बहुरूपी सोंग उतरवीतच नाहीं, आणि त्याला धाडलें कोणीं हेंही कळत नाहीं.

हें होतें कसें, तें थोडक्यांत सांगतों. यंत्राला लाखों चेहरे व आवाज दाखविलेले असतात. कोणत्या अक्षराला ओंठ कसे मिटतात, गाल कसा हालतो, हें त्यांतून तें उचलतें. मग त्याला एक चेहरा व एक वाक्य दिलें कीं तें एकामागून एक चित्रें काढून तो चेहरा बोलता करतें. पूर्वीं याला जाणकार माणसें व पुष्कळ पैसा लागे. २०२५ सालीं गूगल कंपनीनें 'व्हिओ ३' नांवाचें यंत्र काढलें. त्याला नुसतें लिहून दिलें कीं आठ सेकंदांचें बोलतें चित्र तयार होतें. नट नको, कॅमेरा नको.

सर्वांत वाईट आम्हांला वाटतें तें मेलेल्या माणसांना बोलावयास लावणें. तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री करुणानिधि २०१८ सालीं वारले. जानेवारी २०२४ मध्यें त्यांच्याच पक्षाच्या टी. आर. बाळू यांच्या पुस्तकाच्या समारंभांत ते पडद्यावर अवतरले. तोच काळा चष्मा, तीच पिवळी शाल. त्यांनीं बाळूंचें अभिनंदन केलें आणि आपले चिरंजीव मुख्यमंत्री स्टालिन यांच्या नेतृत्वाची स्तुति केली. पुढच्याच महिन्यांत दुसऱ्या पक्षानें, २०१६ सालीं वारलेल्या जयललिता यांचा आवाज आणला. सप्टेंबर २०२५ मध्यें बिहारच्या काँग्रेसनें एक व्हिडिओ काढला. त्यांत पंतप्रधानांच्या दिवंगत आई स्वप्नांत येऊन मुलाला राजकारणावरून बोल लावतात. पाटणा उच्च न्यायालयानें तो काढून टाकण्याचा हुकूम दिला. पक्ष कोणताही असो. मेलेलें माणूस "हें मी बोललों नाहीं" असें सांगावयास येत नाहीं, म्हणून तें सर्वांना सोयीचें पडतें. जोतिराव फुले १८९० सालीं वारले. त्यांचा आवाज आज हयात असलेल्या कोणींही ऐकलेला नाहीं. उद्यां कोणीं जोतिरावांना बोलतें करून आपल्या उमेदवाराला मत द्या म्हणविलें, तर आवाज खोटा आहे असें सांगणारा साक्षीदार आणावयाचा कोठून? त्यांचें लिहिलेलें आपल्यापाशीं आहे. तें काढून ताडून पाहणें एवढेंच आपल्या हातीं राहील.

आतां आपल्या महाराष्ट्राची गोष्ट. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान होतें. आदल्या रात्रीं आम्ही एका केंद्रावर, वर्गांतल्या फरशीवर सतरंजी टाकून पडलों होतों. मतदान संपण्याच्या आधींचे ४८ तास जाहीर प्रचार कायद्यानें बंद असतो. बाहेर सगळें सामसूम होतें, पण मोबाईल गुरगुरूं लागले. सुप्रिया सुळे व नाना पटोले यांचे म्हणून कांहीं आवाज भारतीय जनता पक्षानें प्रसिद्ध केले होते. त्यांत बिटकॉइन नांवाच्या आभासी पैशाच्या व्यवहाराचें बोलणें होतें. दोघांनींही तें नाकारलें. सुळे यांनीं निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. अजित पवार यांनीं मात्र, आवाज आपल्या बहिणीचाच वाटतो, चौकशी होईल, असें सांगितलें. पुढें 'बूम' या खऱ्याखोट्याची छाननी करणाऱ्या संस्थेनें तपास करून घेतला, तेव्हां त्यांतले बहुतेक आवाज यंत्रानें बनविलेले असावेत असें निघालें. येथें चित्रही नव्हतें, नुसता आवाज होता. ज्या आवाजाबद्दल चुलतभावाला अशी ग्वाही द्यावीशी वाटली, तो तुम्हीं आम्हीं रात्रीं दहा वाजतां अंथरुणांत ऐकून काय पारखावा? सकाळीं सात वाजतां तर रांग लागली.

कायदा कांहींच करीत नाहीं असें नाहीं. २४ ऑक्टोबर २०२५ रोजीं, बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर, आयोगानें पक्षांना बजावलें कीं, यंत्रानें बनविलेल्या चित्रावर निदान दहावा हिस्सा जागा व्यापेल अशी पाटी असावी, आवाज असेल तर आरंभींच्या दहाव्या हिश्शांत तसें सांगावें, बनविणाराचें नांव द्यावें, आणि फसवा मजकूर नजरेस आल्यापासून तीन तासांच्या आंत काढून टाकावा. नियम चांगला आहे. पण पाटी कातरून चित्र पुढें धाडावयाला पोरांना क्षणभर लागतो, आणि गटागटांतून गेलेला मजकूर परत कोण गोळा करणार? तीन तासांत तर तो चार तालुके फिरून येतो.

दुसरीही एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. यंत्र खोटें बोलतें हें एकदां सर्वांना कळलें, कीं खऱ्याला खोटें म्हणणाऱ्याचें फावतें. २०२३ सालीं तमिळनाडूच्या एका मंत्र्याचें म्हणून बोलणें बाहेर आलें. तो म्हणाला, सगळें बनावट. एका वृत्तसंस्थेनें जाणकारांकडून तें तपासून घेतलें, तर दोहोंपैकीं एक तुकडा खरा असल्याचें मत पडलें. लांच घेतांना सांपडलेला सरपंचही उद्यां हेंच म्हणेल. तेव्हां "सगळेंच खोटें" म्हणून हात झटकणाराही दुसऱ्या बाजूनें फसतोच.

मग करावयाचें काय? डोळे बारीक करून खोटें ओळखा, असें आम्ही सांगत नाहीं. आमच्या म्हातारीला तें जमलें नाहीं आणि पुढें आम्हांलाही जमणार नाहीं. बियाण्याची पिशवी घेतांना तुम्ही दुकानदाराची पावती मागतां. तसें येथेंही विचारा. हें प्रथम कोणीं काढलें? तें भाषण कोठल्या गांवीं, कोणत्या तारखेला झालें? त्या गांवीं तुमचा सोयरा असेल तर त्याला फोन करा. आणि शेवटच्या दोन दिवसांत जें नवें येईल, तें ना मानावें ना पुढें पाठवावें. पांच वर्षांचा हिशेब तुमच्यापाशीं आहेच : पाणी आलें कीं नाहीं, पीकविमा मिळाला कीं नाहीं, शाळेचें छप्पर गळतें कीं नाहीं. आमच्या शाळेचें गळतें, हें जातां जातां.

तो सातवींतला मुलगा येथेंच बसला आहे. आतां तो आठवींत गेला. ऊठ रे, ये पुढें. पाटीलबाबा, तुम्ही या असे खुर्चीवर, आणि दोन शब्द बोला. हा पोरगा पांच मिनिटांत तुमच्या तोंडून एखादी भलतीच कबुली वदवून दाखवील. मंडळी, घरीं जाण्याची घाई करूं नका. मागें बसलेल्या बायकांनीं पुढें यावें, म्हणजे पडदा नीट दिसेल.